समुद्र ठरला, गाव ठरेना!

आज दिवसभर घरात एकच विषय: सुट्टीत कुठल्या समुद्रकाठच्या गावी जायचं? मुलांना लाटा हव्यात, आईला कमी चालणं, नवऱ्याला गर्दी नको. फोटोंत सगळेच समुद्र निळे आणि शहाण्यासारखे वागणारे, त्यावरून काय कळणार! मी सरळ भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि वेळा रोज जवळपास 50 मिनिटं पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणून त्या तारखा आधीच बाद.

खरी भीती रिप करंटची, म्हणजे किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ओढून नेणाऱ्या जोरदार प्रवाहाची. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधली पट्टी शांत दिसतेय, तर बरेचदा तीच आत ओढणारी असते. सापडलंच तर पाण्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. जेवताना हे सांगितलं, तर धाकटी म्हणाली, "मग मी वाळूतच खेळते." बरंच झालं!

आता दोन गावं उरलीत. एकाचा किनारा देखणा, पण जीवरक्षक नाहीत, दवाखानाही लांब. दुसरं दिसायला साधंच, पण उतार मंद आणि जीवरक्षक हजर. आईचं मत दुसऱ्याला, माझंही. मुलं अजून रुसलेली आहेत.