स्वच्छ हवेची पावती कुणाच्या नावावर फाटणार?

मार्च २०२१ च्या शेवटी नाशिकमध्ये बाजारात शिरायला पैसे लागत होते. कोरोनाची दुसरी लाट चढत होती, गर्दी काही हटत नव्हती, म्हणून मेन रोड, बाजार समिती, पवननगर अशा ठिकाणी रस्त्याच्या तोंडाशी बॅरिकेड लागले. माणशी ५ रुपयांची पावती, एका तासाची मुदत, तास उलटला की ५०० रुपये दंड. पुढे लगेच कडक निर्बंध आले आणि ती पावती लोक विसरूनही गेले. माझ्या मात्र ती चांगली लक्षात आहे, कारण मेन रोडवरचे साडीवाले माझे गिऱ्हाईक आहेत. त्यातल्या एकांनी तेव्हा फोनवर सांगितलं होतं, "ताई, पाच रुपयांचं काही नाही हो. पण घड्याळाकडे बघत कुणी साडी घेतं का?" त्यांची त्या आठवड्याची बॉक्सची ऑर्डर निम्म्यावर आली.

रस्त्याच्या तोंडाशी पैसे घ्यायला लागलं की आतल्या माणसाचा धंदा बदलतो. रक्कम किती, हा नंतरचा प्रश्न. गेले काही महिने मी ज्या विषयावर वाचते आहे, विचारते आहे, तो असाच आहे: जुन्या, धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात शिरताना शुल्क. इंग्लंडमध्ये त्याला क्लीन एअर झोन म्हणतात. आपल्याकडे नाशिकला असं काही लागू नाही. पण दिल्लीत वेगळ्या नावाने आहे, आणि आपल्यापर्यंत पोचायच्या आधी त्याचा हिशोब आपण मांडून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आमचं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या, खोक्यांचं छोटं युनिट आहे. हंगामात द्राक्षाच्या पेट्या ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडे जातात. बाकी वर्षभर मिठाईचे, साड्यांचे, चपलांचे बॉक्स गावात, म्हणजे रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली. घरची एक पिकअप आहे, २०१८ ची, डिझेल, बीएस-४, म्हणजे धुराच्या आधीच्या सरकारी निकषाची. जास्तीचा माल स्टँडवरून छोटा हत्ती बोलावून पाठवते.

खोक्यांच्या धंद्यात गाडी वजनाने भरत नाही, आकाराने भरते. गठ्ठे केबिनच्या वर चढवून दोरीने आवळले तरी काट्यावर वजन किरकोळ, आणि गाडीभर मालाचं बिल दहा-बारा हजार. भाडं गेलं, हमाली गेली, की उरतं ते बोटावर मोजण्याइतकं. म्हणून "गाडीमागे दिवसाला इतके" असं सरसकट शुल्क ऐकलं की माझं लक्ष आधी माझ्या मालाच्या भावाकडे जातं. महागडा माल नेणाऱ्या गाडीला ते शुल्क जाणवणारही नाही. खोकी, बारदान, भाजीपाला, विटा, थर्माकोल असा जागा खाणारा स्वस्त माल नेणाऱ्याला मात्र ते पहिल्या दिवसापासून झोंबतं.

माझ्या नणंदेचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. शहराच्या मध्यभागी एका हॉटेलच्या किचनमध्ये रात्रपाळी करतो. १ जून २०२१ ला तिथे झोन सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे जुनी डिझेल कार होती. "मामी, इथे नाका नाही, दांडी नाही, पावती फाडणारा माणूस नाही," तो सांगत होता. "कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, संपलं." पैसे आपणच आठवणीने ऑनलाइन भरायचे. आधीच्या सहा दिवसांत, त्याच दिवशी, नाहीतर नंतरच्या सहा दिवसांत. राहिले तर १२० पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. कारला दिवसाचे ८ पौंड, म्हणजे आपले नऊशे ते हजार रुपये. मोठ्या ट्रकला आणि बसला ५० पौंड. आणि दिवस मोजायचा मध्यरात्र ते मध्यरात्र. रात्री दहाला आत गेलेला माणूस पहाटे दोनला गाडी काढून घरी निघाला, तर पाळी एक आणि पैसे दोन दिवसांचे.

त्याचं निभावलं ते एका गोष्टीमुळे. झोनमध्ये काम करणाऱ्या कमी पगाराच्या लोकांना तिथे पहिलं वर्ष सूट होती. त्या वर्षात त्याने डिझेल विकली आणि तिच्यापेक्षा जुनी पेट्रोल कार घेतली. जुनी कशी चालली? तर तिथे पेट्रोलला युरो-४ (युरो म्हणजे युरोपातले गाडीच्या धुराचे निकष) पुरतं, म्हणजे साधारण २००६ नंतरची गाडी. डिझेलला मात्र युरो-६ लागतं, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची. कारण त्या झोनचा सगळा रोख नायट्रोजन डायऑक्साइडवर आहे, आणि तो जुन्या डिझेल इंजिनातून जास्त बाहेर पडतो. आपल्याकडे त्या तोडीचं बीएस-६ देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०२० ला. तोच नियम इथे लावला तर माझी पिकअप पैसे भरणार, आणि स्टँडवरच्या बीएस-४ डिझेल गाड्यांचीही तीच गत होणार.

इंग्लंडमधल्या या झोनचे चार वर्ग आहेत, ए ते डी. ए मध्ये फक्त बस आणि टॅक्सी. बी मध्ये त्यात ट्रक येतात, सी मध्ये व्हॅन आणि मिनीबस, आणि डी मध्ये खासगी कारसुद्धा. बर्मिंगहॅम, ब्रिस्टल डी मध्ये. बाथ आणि शेफील्ड सी मध्ये. म्हणजे बाथमध्ये प्लंबरच्या जुन्या व्हॅनला दिवसाला ९ पौंड, ट्रकला १०० पौंड, आणि शेजारून जाणाऱ्या तितक्याच जुन्या डिझेल कारला काहीच नाही. हे वाचून मला खरोखर राग आला. धूर दोघांचा सारखाच. पण कारवाल्यांची मतं जास्त, ओरड जास्त, म्हणून हात आखडता घ्यायचा. आणि ज्याची गाडी म्हणजेच रोजीरोटी आहे त्याच्याकडून वसूल करायचं. नाशिकला कधी असं काही आलं, तर पहिलं पान उघडून मी हेच बघणार आहे की कॉलेज रोडवरच्या मोठ्या डिझेल एसयूव्हीला तोच नियम आहे की नाही.

आता माझा हिशोब सांगते. समजा, जुन्या डिझेल गाडीला गावात शिरायला दिवसाचे ५०० रुपये लावले. अंबडहून रविवार कारंजाची एक खेप स्टँडवाल्याकडून आठशेच्या आसपास पडते. तो ५०० स्वतःच्या खिशातून घालणार नाही, घालूही शकत नाही. त्याचा हप्ता चालू असतो. तो माझ्याकडे मागणार. माझे भाव "पोच" आहेत, म्हणजे माल दुकानात उतरेपर्यंतचा खर्च माझा. मी दुकानदाराकडे वाढ मागितली की तो म्हणणार, "भाडं तुमचं तुम्ही बघा." आणि मी नाही बघितलं, तर ज्याच्याकडे बीएस-६ गाड्या आहेत असा मोठा सप्लायर बघेल.

एका खेपेत तिघांचा माल न्यावा, असं कुणीही सुचवेल. कागदावर ते बरोबर आहे. पण गावातली दुकानं जुन्या वाड्यांच्या पुढच्या भागात आहेत. गोडाऊन म्हणजे वरचा माळा, शिडी लावून चढायचं, आणि तिथे गणपतीचं सामानही असतं, जुन्या वह्याही असतात. मिठाईवाला दोन-तीनशे बॉक्सच्या वर ठेवून घेऊच शकत नाही. त्याला थोडा थोडा आणि वारंवार माल लागतो. ही बारीक बारीक डिलिव्हरी म्हणजेच गावातला व्यापार आहे, आणि दिवसाच्या शुल्काने सगळ्यात आधी तीच तुटते.

दिल्लीचा अनुभव तर आपल्या कांदा-द्राक्षवाल्यांना थेट माहीत आहे. तिथे २०१५ च्या नोव्हेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मालवाहू गाड्यांना पर्यावरण भरपाई शुल्क लागलं. आधी हलक्या गाडीला ७०० आणि जड गाडीला १३००, आणि त्याच डिसेंबरात दुप्पट, १४०० आणि २६००. भाजीपाला, दूध, धान्य आणणाऱ्यांना सूट होती. २०२५ मध्ये ती सूट न्यायालयाने काढली. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे: सूट द्यायची तर गाडीत खरंच भाजीपाला आहे का ते बघायला गाडी थांबवायची, थांबवली की रांग, आणि रांगेत इंजिनं चालूच. ज्या धुरासाठी शुल्क लावलं तोच नाक्यावर वाढत होता. म्हणजे सूट कशी तपासणार हे आधी ठरलं नाही, तर सूट टिकत नाही. पिंपळगावहून दिल्लीच्या आझादपूर बाजाराला निघालेल्या ट्रकचा तो खर्च शेवटी लिलावाच्या भावात वळता होतो.

आणखी एक. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची तलवार आली की त्या गाड्या भंगारातच जातात असं नाही. एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, घेऊन त्या दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. एका शहराची हवा सुधारते आणि लहान शहरात स्वस्त जुनी गाडी येते. ती घेतो कोण? ज्याच्याकडे नवीसाठी डाउन पेमेंट नाही तो. आपल्या स्टँडवरच्या टेम्पोवाल्यांतले बरेच जण तिसरे-चौथे मालक असतात. मग उद्या इथे शुल्क आलं की त्याच गाडीची किंमत बाजारात पडते आणि कर्ज मात्र तितकंच राहतं.

भंगारात काढायला सरकार उत्तेजन देतं, हे खरं आहे. पण त्यातली टक्केवारी बघा. गाडी अधिकृत केंद्रात भंगारात दिल्याच्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे, आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. जिच्यावर घर चालतं तिला कमी. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आधीपासून आहेच. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर, व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर. माझ्या पिकअपला तो आता लागायच्या बेतात आहे, आणि मी तो भरणार आहे.

एवढं सगळं लिहून मी शुल्काच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. हवा खराब आहे आणि ती सगळ्यात जास्त गाडीवाला आणि हमालच खातात. रविवार कारंजावर आमचा माल उतरवणारे हमाल सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असतात. टेम्पो रिव्हर्स घेतो तेव्हा सायलेन्सर बरोबर त्यांच्या गुडघ्यांशी येतो, आणि ते पाठीवर गठ्ठा घेऊन, तोंडाला उपरणं बांधून त्या धुरातूनच पायरी चढतात. लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. २०२० मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. लंडनमध्ये शुल्क लागल्यावर मध्यवर्ती भागातला नायट्रोजन डायऑक्साइड, शुल्क नसतं तर जितका असता त्याच्या निम्म्याहून कमी झाला, असं तिथल्या पालिकेचा अहवाल सांगतो. शुल्काने हवा सुधारते, यात मला शंका नाही.

पण नाशिकचं दुखणं तेवढंच नाही. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं शहर आहे, आणि त्या कार्यक्रमात मोजतात ते मुख्यतः धुळीचे कण. ती धूळ खोदलेल्या रस्त्यांची, बांधकामांची, कोपऱ्यावर जाळलेल्या कचऱ्याची. आता सिंहस्थाची कामं चालू आहेत, अंबडपासून द्वारका चौकापर्यंत गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या पिकअपकडून रोज ५०० घेतले म्हणून हा रस्ता झाडला जाणार नाही. रस्ता ओला करणं, खोदलेला लगेच बुजवणं, डबर झाकून नेणं ही कामं आधी झाली, तर मग गाडीवाल्याकडे पैसे मागायला तोंड राहील.

मँचेस्टरमध्ये आधी शुल्काचे बोर्ड लागले, कॅमेरे लागले. ३० मे २०२२ ला ते सुरू व्हायचं होतं. टॅक्सीवाले, व्हॅनवाले म्हणाले, नव्या गाड्या वेळेत मिळत नाहीत आणि मदतीची रक्कम पुरत नाही. योजना थांबली, आणि शेवटी शुल्काविना, बसगाड्या सुधारण्यावर पैसे घालायचं ठरलं. आपल्याकडे सिटीलिंक या शहर बससेवेच्या सीएनजी बस धावतात, तो भाग आपण आधीच केला आहे. मालवाहतुकीसाठी मात्र तसं काहीच नाही.

आमच्या औद्योगिक संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. शुल्क कधीही लावा, पण घोषणा आणि वसुली यांच्यात निदान दोन वर्षं असू द्या. एक-दोन गाड्यांच्या मालकाला जुनी देऊन सीएनजी किंवा इलेक्ट्रिक घेताना व्याजात सवलत द्या, आणि ती आधी द्या. गावाला वळसा घालून जाणारा रस्ता शुल्काबाहेर ठेवा. बर्मिंगहॅमने आपला रिंगरोड असाच बाहेर ठेवला आहे. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर मोठ्या गाडीचा माल उतरवून छोट्या सीएनजी गाडीत भरायची सोय करा. आणि गावात रात्री माल उतरवायची परवानगी देणार असाल तर हमालांशी आधी बोला. रात्रीची हमाली वेगळी पडते, दुकानदाराला कुलूप उघडायला यावं लागतं, आणि कुणी नाही आलं तर माझे गठ्ठे पावसात ओट्यावर राहतात. तो जादाचा खर्च कोण देणार, तेही बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगणार आहे.