शिखर डाव्या खांद्याला

२०२४ च्या मे महिन्यात उजनी धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा मृतसाठाही उतरत गेला, आणि धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. पुण्या-मुंबईची माणसं फोटोला येत होती. आम्ही आजीला घेऊन गेलो.

देवळापाशी तिनं हात जोडले, वीरगळांवरून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरून, हात फिरवला आणि लगेच म्हणाली, "चला वस्तीवर."

वस्तीवर म्हणजे कुठं? समोर नुसता भेगाळलेला गाळ. देऊळ दगडाचं म्हणून टिकलं, आमची घरं मातीची. शिवाय १९८० साली धरण पुरं व्हायच्या आधीच लोकांनी तुळया, दारं, चौकटी उतरवून नव्या गावठाणात नेल्या होत्या. आजीच्या माहेरच्या दाराची चौकट आजही हायवेलगतच्या आमच्या घराला आहे. उरलेल्या भिंती पाण्यानं विरघळवल्या. सातबाऱ्यावरही वस्तीचं नाव नव्हतं. चार घरं, एक आड, आणि भावकीचं आडनाव हाच पत्ता. गाव बुडालं म्हणताना या वस्त्या कुणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आजी मात्र थांबली नाही. "शिखर डाव्या खांद्याला ठेवायचं आन् वढ्याच्या अंगानं चालायचं." लहानपणी बाजाराहून परतताना तिची आई असंच सांगायची. दोनदा वाट चुकली, पुन्हा मागं वळून शिखर बघितलं. अर्ध्या तासानं पायाला घडीव दगड लागले. आडाचा काठ. आत तोंडापर्यंत गाळ.

"हितं धुण्याचा दगड व्हता. हितं जातं. आन् हितनं पांढरी संपायची, काळी सुरू."

मी खाली पाहिलं. घरांची पांढरी आणि शेताची काळी, दोन्हींवर एकच गाळ. पलीकडं कुणीतरी गाळपेरीचा मका केला होता, हिरवागार. आजीनं एक कणीस हातात धरून पाहिलं, तोडलं नाही. "आमच्या रानात असाच यायचा," म्हणाली, आणि कितीतरी वेळ बांध शोधत राहिली.

पाऊसकाळ लागल्यावर चुलत्यांचा फोन आला, देवळाच्या जोत्याला पाणी लागलं. मी आजीला सांगितलं.

तिनं विचारलं, "नदीकडनं चढलं का वढ्याकडनं?"