गोळी बंद करायची की नाही

लग्न आटोपून आम्ही इंग्लंडला, लेस्टरला परत आलो, तरी गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो. "पोराची ॲलर्जी गेली का वं?" प्रत्येकाला थोडंथोडं सांगते आणि अर्धं राहूनच जातं. म्हणून एकदाच सविस्तर लिहायला बसले. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी, माझ्या लेकराच्या अंगावर पुरळ उठलं त्या दिवशी, जे जे त्याच्याजवळ बसून होते त्यांच्यासाठी हे आहेच. त्याहून जास्त, ज्यांच्या घरात असंच रक्त चढवावं लागणारं लेकरू आहे त्यांच्यासाठी आहे.

आमच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. आपल्याकडे सिकलसेल सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे बऱ्याच जणांना हा तोच आजार वाटतो. दोन्ही आजार रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आणि दोन्ही आईवडिलांकडून येणारे, पण वेगवेगळे. आम्ही नवराबायको दोघंही वाहक आहोत, म्हणजे आम्हाला आजार नाही, पण तो आमच्याकडून मुलात उतरू शकतो. दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं आणि ते आयुष्यभर चालणार आहे.

रक्त दिलं की पोरगं फुलासारखं टवटवीत होतं, पाहुण्यांना तेवढंच दिसतं. त्या रक्तासोबत लोह येतं ते दिसत नाही. एका पिशवीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, ग्रंथींमध्ये आणि हृदयात साचत जातं. वाढ खुंटते, मधुमेह होऊ शकतो, आणि हे लोह काढणारी औषधं नव्हती तेव्हा अशी मुलं वयात येता येता हृदय निकामी होऊन जायची. या साचलेल्या लोहाला धरून शरीराबाहेर काढणाऱ्या उपचाराला चिलेशन म्हणतात. आधी त्याला रात्रभर पोटाला बारीक सुई टोचून पंपाने औषध द्यायचो. सहा वर्षांचा झाल्यावर डेफेरासिरॉक्सची गोळी सुरू झाली, रोज एकदा. सुई सुटली म्हणून तो घरभर नाचला होता. गोळी सुरू होऊन काही आठवडेच झाले होते आणि आम्ही भावाच्या लग्नाला गावी आलो. मी आणि मुलगा. याच्या बाबांना रजा मिळाली नव्हती.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना पोटावर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ दिसलं. बाहेर यवतमाळचं मे महिन्यातलं ऊन, पंचेचाळीसच्या घरातलं. लग्नघर माणसांनी भरलेलं. दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. माझी आई म्हणाली, "उन्हाचं पित्त उठलं असन, आमसुलाचं पानी लाव." मोठी मावशी म्हणाली, "गोवर तं नाही ना वं? कडुनिंबाचा पाला आना." आणि मग काकांनी फोन पुढे केला. कुणीतरी पाठवलेला मेसेज होता, चिलेशनने अमेरिकेत पोरगं दगावलं म्हणून. "पाय बाई, मी सांगतो, बंद कर ते औषध."

त्या मेसेजबद्दल इथे नीट सांगते, कारण तो अजूनही फिरतो आहे. घटना खरी आहे. 2005 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याला ऑटिझम होता, आणि त्यावर इलाज म्हणून शिरेतून ईडीटीए नावाचं चिलेशनचं औषध दिलं गेलं होतं. त्यानं रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं आणि हृदय थांबलं. ऑटिझमवर चिलेशनचा उपयोग होतो हे कधीही सिद्ध झालेलं नाही, आणि तसं सांगून कुणी ते विकत असेल तर आपलं लेकरू त्याच्या हाती देऊ नका. थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगात मात्र लोह खरोखर साचलेलं असतं, ते रक्ताच्या तपासणीत आणि एमआरआयमध्ये मोजता येतं, आणि ते काढलं नाही तर काय होतं हे वर लिहिलंच आहे. औषध वेगळं, आजार वेगळा. एकाच्या भीतीनं दुसरं थांबवायचं नसतं.

तरी पुरळ समोर होतंच. मी आईला म्हटलं, आधी फोटो काढू दे, मग काय लावायचं ते बघू. खिडकीच्या उजेडात पोटाचा, पाठीचा, चेहऱ्याचा फोटो काढला, शेजारी वेळ लिहून ठेवली. गावात रेंज घराच्या धाब्यावरच येते. वर जाऊन याच्या बाबांना उठवलं. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. त्यांनी तिथल्या वॉर्डचा रात्रंदिवस चालू असणारा नंबर लावला आणि मला त्या फोनवर जोडून घेतलं.

फोनवरच्या नर्सनं घाई केली नाही, धीरही सुटू दिला नाही. एकामागून एक विचारत गेली. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का? ओठ, पापण्या, जीभ सुजली आहे का? आवाज बसला आहे का? ताप आहे का? डोळे लाल आहेत का? तोंडात फोड आहेत का? मी टॉर्च लावून त्याचा खालचा ओठ उलटा करून पाहिला, गालाच्या आतून पाहिलं. कातडी सोलल्यासारखी होते का, फोड पाण्याने भरलेत का? शेवटचं रक्त कधी चढवलं? हे विचारण्याचं कारण असं की रक्ताचीही रिॲक्शन अंगावर उठते, पण ती बहुतेक वेळा काही तासांतच. मग म्हणाली, काचेचा ग्लास पुरळावर दाबा आणि काचेतून लाली नाहीशी होते का ते बघा. लग्नघरात पाहावं तिकडे स्टील. भाऊ पळत चौकातल्या टपरीवरून चहाचा काचेचा ग्लास घेऊन आला. दाबला, तर ठिपके फिके पडले. हे बरं लक्षण होतं. दाबूनही लाली तशीच राहिली तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं, आणि मग दवाखान्यात जायला क्षणाचाही उशीर करायचा नसतो.

शेवटचा प्रश्न लघवीचा होता. तेव्हा मला सांगावं लागलं की रात्रीपासून त्याला जुलाब होताहेत आणि सकाळपासून लघवीला गेलेला नाही. तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. थोड्या वेळात डॉक्टरांचाच फोन आला.

ते जे बोलले ते इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. या गोळीने शंभरातल्या साधारण सात-आठ जणांना पुरळ येतं. सौम्य असेल तर बहुतेक वेळा गोळी न थांबवताही ते आपोआप जातं. जास्त असेल तर डॉक्टर काही दिवस थांबवतात आणि मग कमी डोसपासून हळूहळू चढवत पुन्हा सुरू करतात. ज्यात कातडी सोलली जाते, तोंड-डोळे येतात, किंवा तापासोबत चेहरा सुजतो, ती रिॲक्शन फार क्वचित येते, पण आली तर ती गोळी कायमची बंद. आमच्या मुलाचं पुरळ सौम्य होतं, नुसत्या त्यासाठी त्यांनी गोळी थांबवली नसती. थांबवली ती जुलाबांसाठी. या औषधाचा मूत्रपिंडावर भार पडतो. लहान मुलाला जुलाब, उलट्या किंवा ताप असताना, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी दिली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यात ते ऊन. त्यांनी सांगितलं, आज गोळी नको, ओआरएस पाजत राहा आणि आजच्या आज क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि पूर्ण रक्ततपासणी करून घ्या.

म्हणजे सगळं घर पुरळाकडे बघत होतं आणि धोका दुसरीकडे होता. घरबसल्या ठरवलं असतं तर गोळी बंद झालीच असती, पण चुकीच्या कारणासाठी, आणि मग ती पुन्हा कधी सुरू करायची हे कुणालाच ठरवता आलं नसतं.

भावाने गाडी काढली. नवरदेव स्वतः गाडी चालवत यवतमाळला आला, हे आम्ही जन्मभर विसरणार नाही. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. बालरोगतज्ज्ञांनी सलाइन लावली, लेस्टरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले, पुरळही विरलं, रिपोर्ट जागेवर आले आणि मगच गोळी सुरू झाली. पुरळ परत आलं नाही. ती ॲलर्जी होती, घामोळ्या होत्या की जुलाबासोबतचा एखादा विषाणू, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. आम्हाला ते चालतं. पुन्हा आलं तर काय करायचं ते आता माहीत आहे.

लग्नानंतर, स्वयंपाकाला आलेल्या बायांपैकी एक माझ्याजवळ येऊन बसली. शेजारच्या गावची. तिच्या मुलीलाही रक्त चढवतात. तिलाही हीच गोळी होती, सरकारी केंद्रातून फुकट मिळणारी. हिवाळ्यात मुलीच्या अंगभर पुरळ उठलं, खाजेनं ती रात्रभर रडायची. सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, आणि तिनं गोळी बंद केली. तेव्हापासून बंदच. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं होतं का? ती म्हणाली, "कोनाले सांगू ताई? जिल्ह्याले जाची मजुरी बुडते. अन् फोन कराले नंबर कोनाचाच नाही. रक्ताच्या दिवशी सांगीन म्हटलं तं तिथं मले भीतीच वाटली, रागावतीन म्हनून."

मी त्या रात्री झोपले नाही. माझ्याकडे जे होतं ते शिक्षण नव्हतं, पैसाही नव्हता. एक नंबर होता, आणि पलीकडून न रागावता विचारणारं माणूस होतं. तिच्या काळजात लेकराविषयीची माया काकणभरही कमी नव्हती. ती आणि तिची लेक यांच्यासोबत मी रक्ताच्या दिवशी केंद्रावर गेले. फेरिटिन तपासलं, त्यावरून अंगात किती लोह साचलंय याचा अंदाज येतो. ते साधारण 1000 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, मुलीचं त्याच्या कित्येक पट होतं. तिथल्या डॉक्टर मुळीच रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि छोट्या डोसपासून गोळी पुन्हा सुरू केली. सहन झाली नाही तर डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध आहे, पण त्यात पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं, आणि ताप किंवा घसा आला की औषध थांबवून लगेच यावं लागतं, हेही त्यांनी तिला समजावलं. तिथल्या सिस्टरांनी आपला नंबर मुलीच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

नातेवाइकांना माझं हात जोडून सांगणं आहे. "बंद कर ते औषध" हे तुम्ही मायेपोटी बोलता, पण ते पेलावं त्या आईला लागतं. त्याऐवजी तिला विचारा, डॉक्टरांना फोन लागला का, गाडी काढू का. श्वास लागत असेल, ओठ-जीभ सुजत असेल, कातडीला किंवा तोंडात फोड येत असतील, पोरगं सुस्त पडत असेल, तर गोळी न देता थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108. बाकी पुरळ असेल तर फोटो, वेळ, ताप, लघवी-जुलाब लिहून ठेवा आणि त्याच दिवशी विचारा.

आणखी एक. इंग्लंडमध्ये औषधाचा त्रास झाला तर यलो कार्ड योजनेत रुग्ण स्वतः कळवू शकतो, ही योजना 1964 पासून आहे. आपल्याकडेही तशी सोय आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबर आहे, तिथे आईवडीलही कळवू शकतात. तातडीच्या उपचारासाठी मात्र हा नंबर नाही, तेव्हा आधी डॉक्टर.

दारव्हा, दिग्रस, आर्णीकडे कुणाच्या ओळखीत असं लेकरू असेल, तर हे त्याच्या आईला वाचून दाखवा. आणि लेकराच्या फाइलवर कुणाचा फोन नंबर लिहिलेला आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या रक्ताच्या दिवशी तिच्यासोबत जा आणि मागून घ्या.