आमची वाटचाल: पाणी किती लांब गेलंय?

आमच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की मोटार टेम्पोतून खाली उतरायच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच विचारतात, "पाणी किती लांब गेलंय?" किती एचपीची, कुठल्या कंपनीची, हे नंतर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्यावर, चालणाऱ्या मोटारीचं दुखणं बहुतेक वेळा त्या उत्तरातच असतं.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. आता पाण्याखाली आहे. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, पण गाव त्याच्या आधीच उठलं होतं. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, नदीकाठची काळी जमीन होती, मोटेची विहीर होती, दोन बैलजोड्या होत्या. मोबदला हप्त्याहप्त्यानं आला आणि रोख पैशाची सवय नसलेल्या घरात आला. त्यातून आत्याचं लग्न झालं, उरलेले बसून खाण्यात गेले. बदली जमीन मिळाली ती मुरमाड माळ. कागदावर ती लाभक्षेत्रात होती, पण कालव्याचं पाणी तिथवर पोचायला बरीच वर्षं लागली. नव्या गावठाणात सगळी घरं एका ओळीत, एकसारख्या पत्र्यांची. आज्जी दोनदा भरलेली घागर दुसऱ्याच्याच घरात ठेवून आली होती. ते ती हसत सांगायची, पण तिसऱ्या दिवशी तिनं आमच्या दाराला गेरूचा पट्टा ओढून घेतला.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के जागा राखीव असतात, पण त्याचा फायदा घरातल्या एकालाच. तो चुलत्यांना गेला आणि त्यावरून घरात वर्षभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. अण्णा सतरा वर्षांचे होते. ते कुर्डुवाडीला एका रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानात राहिले. दोन वर्षं जळक्या कॉइल कापून काढणं, स्लॉट घासणं आणि चहा आणणं. तारेला हात लावू दिला तिसऱ्या वर्षी.

१९८६ मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, ते माळावरच्या गावठाणात नव्हे, फुगवट्याच्या काठाला. कारण उघड होतं. आमच्यासारख्यांची जमीन बुडाली. ज्यांची बुडाली नाही, नुसती काठाला आली, त्यांच्या दारात बारमाही पाणी आलं. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. अण्णांचा हिशोब सरळ होता: पाणी आपल्या वाट्याला नाही, पण ते उपसणाऱ्या मोटारी जळणारच.

पहिल्याच वर्षी फसलो. एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात तार आणली, रंग तांब्याचा, वजनाला मात्र हलकी. मोटार भरून दिली, आठ दिवसांत परत आली. अण्णांनी तार ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी. ॲल्युमिनियम. ती मोटार फुकट भरून दिली, त्या काळात ते अंगावर आलं. तेव्हापासून तारेचं रीळ दुकानात आलं की आधी ब्लेड, मग बिल. मी हे काम हातात घेतलं तेव्हाही पहिला धडा हाच होता.

दुसरा धडा जळकी कॉइल वाचायचा. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्याची तार जशीच्या तशी दिसली, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. सगळीच सारखी करपली असेल तर बहुधा ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. आमच्याकडे दुसरा प्रकार उन्हाळ्यात वाढतो. पाणी मागं सरकतं, शेतकरी मोटार आत सरकवतो आणि केबलला केबल जोडत जातो, तीही बारीक. व्होल्टेज पडतं, मोटार अँपिअर जास्त ओढते, वाइंडिंग तापतं. किंवा मोटार सरकवायचा कंटाळा केला जातो. जमिनीवरचा पंप सहा-सात मीटरच्या खालून नीट ओढत नाही, हवा धरतो, कोरडा फिरतो, सील जातं. माणसाला सांगून पटत नाही. लाईट रात्रीची असते आणि रात्री दोन वाजता चिखलात कुणाला उतरायचंय?

धंद्यात नफ्यापेक्षा उधारी मोठी. "ऊसबिल आलं की देतो" हे वाक्य आईच्या वहीत इतक्यांदा आहे की तिनं त्याला 'ऊ' अशी खूण केलीय. बिल लांबलं की आमचं तारेचं बिल लांबतं. आता आमच्याकडे चार कारागीर आहेत, त्यातले दोघं धरणग्रस्तांचीच पोरं. सबमर्सिबल आले तसं पाण्यात चालणाऱ्या तारेचं काम शिकलो, कोरं स्टार्टर-पॅनेलही करून देतो.

अवघड गोष्ट ही, की आमचा चांगला हंगाम म्हणजे लोकांचा वाईट. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं, तळाचं पाणी. उपयुक्त साठा संपून त्याला हात लागला की इकडं म्हणतात, धरण मायनसमध्ये गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. इंदापूरकडं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, बघायला गाड्याच्या गाड्या. आमच्या दुकानापुढं मोटारींची रांग. दुकान रात्री अकरापर्यंत चालू होतं आणि गल्ल्याकडं बघायची थोडी लाजच वाटत होती.

त्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाची साडेसात एचपीची मोटार जागेवर बसवून द्यायला मी आणि अण्णा गेलो. भेगाळलेला गाळ तुडवत दीड-दोन किलोमीटर आत. सगळीकडं पाय रुतत होते, मोटार मात्र त्या भल्या माणसानं एका दगडी बांधकामावर ठेवली होती. "हितंच काय ते घट्ट हाय," तो म्हणाला. अण्णा वाकून दगड बघत राहिले. कडेला दोरानं पडलेली घळ होती. ते थारोळं होतं. शेजारी गाळानं काठोकाठ बुजलेलं विहिरीचं तोंड. आबांची मोट याच थारोळ्यात रिकामी व्हायची.

अण्णांनी पान्यानं चारी बोल्ट आवळले, फूटव्हॉल्व्ह तपासला, प्रायमिंग केलं आणि स्टार्टर दाबला. पाईप थरथरला, पाणी वर गेलं. मग खिशातलं बिलबुक काढून मजुरी लावली, नेहमीची. 'जागा' या रकान्यात ते काहीतरी लिहायला लागले, थांबले, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पाऊस लागायच्या आत मोटार उचला. हे पहिलं बुडतं."