मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटं

मधली सुट्टी संपली की माझा तिसरीचा वर्ग म्हणजे नुसता कल्ला. खिचडी खाऊन, पटांगणात धावून घामाघूम झालेली ४२ मुलं. कुणाची पट्टी हरवलेली, कुणाला कुणी ढकललेलं. गणिताच्या तासिकेतली पंधरा मिनिटं रोज भांडणं सोडवण्यात जायची. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की मुलं गप्प बसायची, पण बाकाखाली पाय हलत राहायचे.

२१ जूनला योग दिनाला सगळी शाळा ताडासन, वृक्षासन करते आणि २२ जूनला विषय संपतो. मला तसं काही रोज हवं होतं, पण आसनं नाहीत, श्वासाचे व्यायाम; फक्त पाच मिनिटं आणि बाकावर बसूनच. मी स्वतः बरीच वर्षं प्राणायाम करते, त्यामुळे काय शिकवायचं याची काळजी नव्हती. मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, कल्पना चांगली आहे, पण वेळापत्रकात बदल म्हणजे वरून परवानगी लागेल. प्रस्ताव करा."

इथेच मी अडकले. जुलैत वरच्या कार्यालयात प्रस्ताव दिला. ऑगस्टमध्ये तो परत आला, कारण शाळेचा जावक क्रमांक घातलेला नव्हता. क्रमांक घालून पुन्हा दिला, तर सर्व पालकांची संमतीपत्रं हवीत असं कळलं. ४२ सह्या मिळवायला तीन आठवडे गेले. काही पालक ऊसतोडीच्या तयारीत, काहींचा फोन लागेना. एका वडिलांनी सरळ विचारलं, "बाई, ॐ म्हणायला लावणार का?" मी त्यांना बसवून घेतलं आणि भ्रामरी करून दाखवली. तोंड मिटून नुसता भुंग्यासारखा गुंजारव, त्यात शब्दच नाही. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली सर्वांत समाधानाची सही तीच.

सह्या जोडल्या, तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, योगशिक्षकाचं प्रमाणपत्र?" मग शेरा आला, 'शास्त्रीय आधार जोडावा'. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. त्याला शंभर वर्षं झाली. मी ते लिहून दिलं. सोबत साधी गोष्टही लिहिली: श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, म्हणून सोडायचा श्वास लांबवला की मूल निवतं. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. अजून आठवलं की संताप येतो. दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्या कार्यालयातल्या लाकडी बाकड्यावर बसायचे, आणि सगळ्या उणिवा एकदम सांगाव्यात असं एकालाही वाटलं नाही.

सुटका भलतीकडून झाली. नोव्हेंबरअखेर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळाभेटीला आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात योग आहेच की. ती तासिका रोज पाच-पाच मिनिटांत वाटून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा." पुढच्याच बैठकीत ठराव झाला. म्हणून कुणाला हे सुरू करायचं असेल तर आधी समितीकडे जा, बाकी सगळं नंतर.

मुलांना "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की ती खांदे उचलतात, छाती फुगवतात आणि श्वास कोंडून धरतात. मी म्हणते, "मोगऱ्याचा वास घ्या. आता गरम वरणभातावर हळू फुंकर घाला." तीन मोजेपर्यंत आत, पाच मोजेपर्यंत बाहेर. असं पाच वेळा. मग भ्रामरी: अंगठ्यांनी कान हलकेच बंद आणि गुंजारव. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग हसत सुटला. मी थांबवलं नाही. चौथ्या दिवशी, रोज कुणाला ना कुणाला मारणारा पहिल्या बाकावरचा एक मुलगा कान बंद केलेल्या अवस्थेत तसाच बसून राहिला. बाकीच्यांचं संपलं होतं. अंगठे काढून तो कुजबुजला, "बाई, आत माशी फिरते." मग त्याने आपणहून वही उघडली. मला भरून आलं.

श्वास रोखायला लावू नका. कपालभाती तर या वयात नकोच, आणि खिचडी खाल्ल्यावर आसनंही नकोत. सर्दी झालेल्या मुलाला आधी नाक शिंकरून येऊ द्या. दमा असलेली एक मुलगी आहे, तिला मी मोजणीच लावत नाही, ती आपल्या गतीने करते. डोळे मिटायची सक्ती नको. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, त्यांनी बाकावरच्या पेन्सिलीकडे बघावं. आणि शिक्षा म्हणून हे कधीही करून घेऊ नका. एकदा शेजारच्या वर्गात "दंगा केलात, आता दहा भ्रामरी" असं ऐकलं, तेव्हा मी मुद्दाम जाऊन त्या बाईंशी बोलले.

तो प्रस्ताव फेब्रुवारीत परत आला, 'अभिप्राय मागवावा' असा शेरा घेऊन. तोवर माझी मुलं घंटा झाली की न सांगता पंखा बंद करायला उठत होती, गुंजारव नीट ऐकू यावा म्हणून.