तुम्ही विचारलंत म्हणून: शिपायाच्या पोटरीला गुंडाळायची कापडी पट्टी खालून वर की वरून खाली?

जानेवारी आला की आमच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला. सोलापुरात १२ जानेवारीला चार हुतात्म्यांवरची नाटुकली शाळांतून होतात. १९३० चा मार्शल लॉ, १९३१ ची येरवड्यातली फाशी. त्यातल्या शिपायांचे कपडे मी शिवते. मग शिक्षक फोन करतात, "काकू, पायाला ती पट्टी कशी गुंडाळायची?"

पायदळाचा शिपाई असेल तर खालून वर. बुटाच्या तोंडावरून घोट्याभोवती दोन वेढे घ्यायचे, मग प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुडघ्याखाली यायचं आणि शेवटाला शिवलेली नाडी गुंडाळून टोक आत खोचायचं. असे वेढे कौलांसारखे बसतात. वरचं खालच्यावर, म्हणजे पाऊस-चिखल बाहेरच्या बाहेर ओघळतो. घोडदळात उलटं, गुडघ्याखालून सुरुवात आणि नाडी घोट्याशी. एखादा जुना फोटो हाती आला की मी आधी नाडी कुठे आहे ते बघते.

शब्द आपलाच आहे. हिंदुस्थानातल्या फौजेत ही पट्टी रुळली, आणि १९०२ च्या नव्या खाकी गणवेशाबरोबर ब्रिटिश पायदळाच्या पायांवर चढली. इंग्रजीत तिचं नाव 'पटी' झालं. आपल्या पट्टीला साहेबाने नाव बदलून घेतलं, पण काढून टाकलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

कापड मात्र लोकरीचंच हवं. पहिल्या वर्षी मी चादरीच्या जाड सुताच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. सुताला ताण नाही. तालमीत दहा पावलांत त्या घोट्यावर गोळा झाल्या. म्हणून पुढच्या वेळी घट्ट आवळल्या. थोड्या वेळाने एक पोरगा म्हणाला, "काकू, मुंग्या आल्यात." सोडून बघितलं तर पोटरीवर वेढ्यांचे लाल वळ उठलेले आणि बोटं गार पडलेली. मी खाली बसून त्याचे पाय चोळत राहिले.

तेव्हापासून पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचा विचार मनातून जात नाही. फ्रान्सच्या खंदकात आपलेही होते. पाणी, थंडी, दिवसेंदिवस पायातून न निघणारे बूट, त्यात लोकर भिजून पोटरी आवळायची. पाय सडण्याचा तो रोग मुख्यतः थंडी-ओलीचा, पण घट्ट पट्टी आणि घट्ट बूट यांनी त्याला हातभार लावला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांच्या नव्या गणवेशात गुडघ्यापर्यंतची पट्टी गेली, घोट्यापुरता कॅनव्हासचा पट्टा आला.

आता मी जुन्या गरम ब्लँकेटची पट्टी कापते, तिरक्या धाग्यावर, म्हणजे थोडी ताणते. शाळेत देताना एवढंच सांगते: बांधून झाल्यावर पोटरीशी एक बोट आत जातंय का बघा, आणि प्रवेश संपला की लगेच सोडा.