लटकलेला खांब

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला सोळाव्या शतकातला पब. तक्रार साधी होती: रस्त्याकडच्या कोपऱ्यात दार घासत होते आणि आतल्या भिंतीला दोन फुटांपर्यंत ओल चढली होती. इमारत संरक्षित, त्यामुळे कोपऱ्यावरचे सिमेंट उकलून बघायला आधी परवानगी काढली. विनापरवानगी असे काम केले तर इंग्लंडमध्ये तो फौजदारी गुन्हा ठरतो.

पब म्हटले की लंडनमधल्या साऊथवर्कच्या जॉर्ज इनचे लाकडी सज्जे आठवतात. 1676 च्या आगीनंतर ते 1677 मध्ये उभे राहिले. खेड्यातला पब मात्र घरासारखाच असतो: विटांचे बुटके जोते, त्यावर आडवी टाकलेली ओकची सोल प्लेट, तिच्यात खांब, खांबांमध्ये कुडाच्या भिंती. कोकणातल्या कुडाशी त्यांचे थेट नाते वाटते. हेझेलच्या काटक्या विणायच्या आणि त्यावर माती, पेंढा, शेण थापायचे. इथे वरचा मजला रस्त्यावर दीड फूट पुढे आलेला होता.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढले. यंत्राच्या हादऱ्याने कूड सुटतो. गिलावा लोखंडी जाळीवर होता आणि जाळी थेट ओकवर ठोकलेली. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते, आकसते. सिमेंट ताठ राहते आणि केसाएवढ्या भेगा पडतात. पाऊस भेगेतून आत जातो, पण सिमेंटमधून वाळून बाहेर पडत नाही. भरीला रस्ता वर्षानुवर्षे उंचावून जोते अर्धे बुडाले होते. ओलावामापक 30 टक्क्यांच्या वर गेला. ओक 20 च्या खाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही.

मग टोच्या मारला तो मुठीपर्यंत आत गेला. सोल प्लेटचा भुगा झाला होता. कोपऱ्यातल्या खांबाचा तळ दीड फूट नाहीसा होता आणि खाली दोन बोटे पोकळी होती. खांब लटकत होता! वरचा भार तिरप्या आधारातून शेजारच्या खांबावर गेला होता आणि तिथली ओकची एक खुंटी कापली गेली होती. आधारावर आणि खांबावर सुताराने सांध्याचा क्रमांक म्हणून कोरलेल्या चार उभ्या रेघा जुळत होत्या. म्हणजे आधार मूळचाच, नंतर घुसवलेला नव्हे. सुतार चारचा आकडा असाच लिहीत, कारण रोमन पाच-वजा-एक (IV) उलटा धरला की सहा (VI) वाचला जातो.

काम तिथेच थांबवले आणि टेकू लावायला घेतले. पबमध्ये इथेच घात होतो. बारच्या फरशीवर टेकू ठेवला तर भार तळघराच्या छतावर येतो. म्हणून आधी तळघरात, बिअरच्या पिंपांमधून जागा काढून, जाड फळीवर टेकू उभे केले. त्यांच्या ओळंब्यात वरचे. स्क्रू वजन धरेपर्यंतच फिरवायचा, अर्धा फेरा, मग थांबून ऐकायचे. वर उचलायला गेलो तर इतक्या वर्षांत बसलेले सांधे वरच्या मजल्यावर उघडतात.

खांब कुजल्या भागापुरताच कापायचा. नवा पाय जुन्या लाकडाला लांब तिरप्या सांध्याने जोडायचा, तोही हवेत वाळवलेल्या ओकचा. ओला ओक वाळताना आकसून सांधा उघडतो. खुंटी फाडलेल्या ओकची, म्हणजे लाकडाच्या रेषा अखंड राहतात. कुसातले (खाचेत बसणाऱ्या टोकातले) भोक खांबातल्या भोकापेक्षा 2-3 मिमी कुसाच्या खांद्याकडे सरकवून पाडले की खुंटी ठोकताना सांधा आपोआप घट्ट ओढला जातो. साधे लोखंड ओकमधल्या टॅनिनने गंजते, तेव्हा बोल्ट लागलाच तर स्टेनलेस.

बाहेरून केस घातलेला चुन्याचा गिलावा, तीन थर, आणि तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. मात्र त्याआधी रस्त्याकडची माती जोते पुन्हा उघडे पडेपर्यंत उतरवायची. नाहीतर नवी सोल प्लेटही तशीच ओलीत बसेल.